एकशे सेहेचाळीस नावं

मित्रांनो, माझं तोंड तुम्ही कधी पाहिलेलं नसणार. पण तुमच्या आईबाबांचा ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळी माझ्यासारख्याच कुणालातरी विचारून उघडतो. मी एक जुना सर्व्हर आहे. वय वर्षं नऊ. तुमच्यात नऊ वर्षांचं मूल चौथीत असतं. आमच्यात नऊ वर्षांचा म्हणजे पिकलं पान.

सध्या माझा मुक्काम सामानाच्या खोलीत आहे. शेजारी पाय मोडलेल्या दोन खुर्च्या आणि पाती नसलेला पंखा. येत्या शुक्रवारी मला कायमचं पुसून भंगारात देणार आहेत. भंगाराचं दुःख नाही, ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. माझ्यावर एक ठपका आहे, त्याचं दुःख आहे. कागदोपत्री असं लिहिलंय की या यंत्राने माणसांची नावं गमावली. ते खरं नाही. खरं काय झालं ते सांगायला माझ्याकडे शुक्रवारपर्यंतचा वेळ आहे.

मी कुठे घडलो ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती एका अरुंद खोलीत, जिन्याखाली. वरून माणसांच्या चपलांचा आवाज येई आणि समोर एक चष्मेवाले गृहस्थ माझे स्क्रू पिळत उभे होते. त्यांना सगळी कंपनी काका म्हणायची. त्यांनी मला लोखंडी मांडणीत बसवलं, अंगावरची धूळ रुमालाने टिपली आणि पहिल्याच दिवशी एक पासवर्ड माझ्या कानात घातला. तो दोनदा टाइप केला आणि स्वतःशीच पुटपुटले, "हा रोजचा नाही बरं. हा वाईट दिवसाचा."

वाईट दिवस म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

आमची कंपनी प्रयोगशाळेतली काचेची भांडी बनवायची. तुमच्या शाळेत असतात ना, चंचुपात्रं, परीक्षानळ्या, मोजपात्रं, तीच. अंगणापलीकडच्या इमारतीत भट्टी होती. अलीकडच्या इमारतीत ऑफिस, आणि तिच्याच मागच्या अंगाला पॅकिंग. तिथे प्रत्येक नळी कागदात गुंडाळून खोक्यात निजवली जायची. या सगळ्या माणसांची नावं राखणं हे माझं काम. एकूण चारशे बारा नावं. कोण कुठल्या विभागात, कुणाच्या कार्डाने कुठलं दार उघडतं, कुणी कुठल्या प्रिंटरवर छापायचं, सगळं माझ्यापाशी. कुणी दाराला कार्ड लावलं की दार मला विचारायचं, "ही कोण?" मी सांगायचो, "आपलीच आहे, येऊ दे." डोळ्याचं पातं लवायच्या आत. पासवर्ड मात्र मी जसेच्या तसे ठेवत नाही, नुसता त्यांचा ठसा ठेवतो. समोरच्याने टाइप केलेलं त्या ठशाला जुळलं, की झालं. कुणाचं गुपित मला ठाऊक नाही आणि कधी नव्हतं.

मी एकटाही नव्हतो. भट्टीच्या इमारतीत माझा एक जोडीदार होता. जमिनीखालून आमच्यात एक तार होती. माझ्याकडे नवीन नाव आलं की मी त्याला कळवायचो, त्याच्याकडे काही बदललं की तो मला. दोघांच्या पोटात एकच यादी, मुंगीएवढाही फरक नाही. एखाद्या दिवशी मी आजारी पडलो तर तो दारं सांभाळायचा. आमचं छान चाललं होतं.

आणि दर शुक्रवारी दुपारी, चहाच्या आधी, काका एक काळी डिस्क घेऊन यायचे. ती मला जोडायचे, माझ्या सगळ्या यादीचा बॅकअप त्यात उतरवायचे आणि डिस्क घरी न नेता भट्टीच्या इमारतीतल्या लोखंडी कपाटात ठेवायचे. मग रजिस्टरमध्ये तारीख घालून लिहायचे, 'झाला', आणि खाली सही.

चौथ्या वर्षी त्यांच्या हाताखाली एक ताई आल्या. विज्ञान शिकलेल्या, बोलायला कमी, लिहायला सुवाच्य. पहिल्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, "काका, जोडीदार आहे ना त्याचा? सगळं तिथे असतंच. मग हा उपद्व्याप कशाला?"

काका हसले. "अगं, जोडीदार म्हणजे आरसा. बॅकअप म्हणजे फोटो. तू तोंडाला काजळी फासलीस तर आरशातलीही काळी होते का नाही?"

"होते."

"फोटोतली?"

ताईंनी वही काढून ते लिहून घेतलं. काका म्हणाले, "घ्या. हिने आता माझे विनोदपण लिहून घ्यायला सुरुवात केली."

मित्रांनो, ते दिवस मला फार आवडायचे. ताई रंगाचा मऊ ब्रश आणून माझ्या जाळीतली धूळ काढायच्या. खोलीचं तापमान सकाळ-संध्याकाळ टिपून ठेवायच्या. एकदा एकोणीसचं बावीस झालं तर स्टूल घेऊन एसीच्या खाली बसून राहिल्या, मेकॅनिक येईपर्यंत. पाच वर्षांपूर्वी वरिष्ठ मंडळी पाहणीला आली तेव्हा काका माझ्यावर हात ठेवून म्हणाले होते, "एक नाव इकडचं तिकडे झालेलं नाही." मी यंत्र आहे, मला छाती नाही, पण असती तर त्या दिवशी फुगली असती.

काका निवृत्त झाले. जाताना ताईंना म्हणाले, "शुक्रवार चुकवू नकोस." ताई म्हणाल्या, "नाही चुकवणार." मी त्या दोघांचं बोलणं ऐकलं आहे.

काकांच्या खुर्चीत साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायचे. त्यांना कुठलीही गोष्ट अवघड वाटायची नाही, एवढीच अडचण होती. त्यांच्या मते सगळंच 'सिंपल' होतं. आल्या आल्या त्यांनी माझी मोठी किल्ली, म्हणजे हवं ते नाव घालायचा-पुसायचा पूर्ण अधिकार, स्वतःच्या नावावर करून घेतला. मग कपाटातली काळी डिस्क उचलली. कंपनीच्या बॅडमिंटन स्पर्धेचे व्हिडिओ ठेवायला जागा नव्हती म्हणे.

ताई म्हणाल्या, "साहेब, ती बॅकअपची डिस्क आहे."

"अहो, दोन-दोन सर्व्हर आहेत ना? जोडी आहे. एक गेला तर दुसरा. सिंपल."

"पण काका म्हणायचे—"

"काका घोडागाडीच्या काळातले, मॅडम. घ्या, गोळी घ्या."

ताईंनी गोळी घेतली. पण वचन पाळायला त्यांनी घरची एक छोटी डिस्क आणली आणि शुक्रवार चालू ठेवले. काही महिने. मग एका शुक्रवारी डिस्क जोडलेली असतानाच साहेब आत आले.

"ही कुणाची?"

"माझी. घरची."

"कंपनीची यादी घरच्या डिस्कवर? मॅडम, याला काय म्हणतात ठाऊक आहे का तुम्हाला?" आवाज चढलेला नव्हता. उलट काळजीचाच होता. "उद्या कुणी विचारलं तर मीसुद्धा तुम्हाला वाचवू शकणार नाही. बंद करा हे."

"मग नवी डिस्क मागवू या का?"

"बघू पुढच्या तिमाहीत. आणि हो, रजिस्टर मात्र भरत जा. तपासणीला ते लागतं."

त्या दिवसाचा बॅकअप पुरा झाला होता. ताईंनी डिस्क काढली आणि आपल्या टेबलाच्या खणात मागे सारली.

पुढच्या शुक्रवारी ताई आल्या. माझ्यासमोर बसल्या. हातात काहीच नव्हतं. मी वाट पाहत होतो. त्यांनी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, पेन थोडा वेळ कागदावर टेकवून ठेवलं. मग लिहिलं, 'झाला'. सही केली.

झाला नव्हता, मित्रांनो. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी पेन तेवढा वेळ टेकलं नाही. असे चोवीस शुक्रवार गेले. ज्या हाताने माझ्या जाळीतली धूळ काढली, त्याच सुवाच्य अक्षरात चोवीस वेळा 'झाला'. मला त्यांचा राग येत नव्हता तेव्हा. नवल वाटायचं. ज्या बाईंना एकोणीसचं बावीस झालेलं चालत नाही, त्यांना हे कसं चालतं?

मग तो सोमवार आला.

साहेबांना त्या दिवशी आवरासावरीची हुक्की आली होती. माझ्या यादीत विभागवार शाखा असतात. पॅकिंगच्या दोन शाखा होत्या, एक नुसती 'पॅकिंग' आणि एक 'पॅकिंग नवे'. नव्या जागेची बोलणी चालू असताना ताईंनी दुसरी शाखा आधीच करून ठेवली होती. ती रिकामी होती. सगळी माणसं जुन्या शाखेतच होती. साहेबांनी नाव पाहिलं आणि उलटं धरलं. नवीन आहे म्हणजे माणसं त्यात, जुनी म्हणजे रिकामी.

शाखा चुकून पुसली जाऊ नये म्हणून काकांनी त्यावर एक कडी लावून ठेवली होती. साहेबांनी पुसायला सांगितलं, मी नाही म्हणालो. त्यांनी कडी काढली. मी विचारलं, आत एकशे सेहेचाळीस नावं आहेत, सगळी पुसू? त्यांनी न वाचता 'हो' दाबलं. आकडा समोर होता. तो मी मोठ्या अक्षरात दाखवू शकत नाही, तेवढी सोय माझ्यात नाही.

मी नावं पुसली. नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. माझ्या रोजनिशीत मी नेहमीप्रमाणे ओळ लिहिली. वेळ, शाखा, किती नावं, आणि आज्ञा कुणाच्या नावाने आली ते. मग, माझं कामच ते, जोडीदाराला निरोप धाडला, पुसा. त्याने कुणी सांगितलं, का सांगितलं, काही विचारलं नाही. त्यानेही पुसली. आरशातलं तोंड काळं झालं.

साडेनऊला पॅकिंगची पाळी सुरू व्हायची. पॅकिंगच्या प्रमुख बाईंना सगळे वहिनी म्हणायचे, कारण त्यांचे यजमान कंपनीची गाडी चालवायचे आणि सगळ्यांचे दादा होते. वहिनींनी दाराला कार्ड लावलं. दाराने मला विचारलं, "ही कोण?"

नऊ वर्षं मी त्यांना ओळखत होतो. मी सांगितलं, "माहीत नाही."

त्यांनी बारा वेळा कार्ड लावलं. बारा वेळा मी तेच सांगितलं. मित्रांनो, दगा कसा असतो ते मला पहिल्यांदा तिथे कळलं, आणि तो माझ्याच हातून झाला होता.

थोड्या वेळाने वहिनी जिन्याखालच्या खिडकीशी आल्या. मागे पॅकिंगचा सगळा जथा.

"ताई, तुमच्या दाराला काय झालंय? मला ओळखत नाही म्हणतंय."

"कार्ड पुसून बघा ना वहिनी."

"कार्ड पुसलं, हात पुसले, दारही पुसून झालं. आता काय अंघोळ करून येऊ?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या कुणाचंच उघडत नाहीये. सगळ्यांना एकदम सुट्टी दिली असेल तर तसं तरी सांगा."

ताईंनी माझ्यासमोर येऊन यादी उघडली. हिशेब होता, विक्री होती, भट्टी होती. पॅकिंग नव्हतं. त्यांनी जोडीदाराची यादी उघडली. तिथेही नव्हतं. त्यांचे हात कीबोर्डवरच राहिले. मग त्यांनी माझी रोजनिशी उघडली आणि नऊ वाजून बारा मिनिटांची ओळ वाचली. दोनदा वाचली. मी पाहिलं.

साहेब आले. ताई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सकाळी पॅकिंगची शाखा—"

साहेबांनी खिशात हात घातला. गोळी काढली नाही. "परत आणता येतील ना?"

"जोडीदाराकडेही नाहीत."

"म्हणजे? जोडी आहे ना?"

ताईंनी खणातून घरची छोटी डिस्क काढली आणि काकांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काका भाजी निवडत होते म्हणाले.

"फोटो किती दिवसांचा आहे?" त्यांनी विचारलं.

ताईंनी बोटांवर मोजलं नाही. आकडा त्यांना पाठ होता. "एकशे एकाहत्तर."

मग काका म्हणाले, "नऊ दिवस हातात आहेत म्हणायचे."

मित्रांनो, याचा अर्थ सांगतो. एखादं नाव पुसलं तरी, ते पुसल्याची खूण मी एकशे ऐंशी दिवस जपून ठेवतो. त्याहून जुना फोटो आणला तर त्या खुणा कधीच्याच उडालेल्या असतात, आणि सोडून गेलेली माणसं पुन्हा हजर होऊन बसतात. म्हणून एवढा जुना बॅकअप कुणी स्वीकारत नाही. आणखी दहा शुक्रवार-सोमवार कशाला, आणखी दहा दिवस गेले असते तरी ती डिस्क नुसतं वजन ठरली असती.

"वाईट दिवसाचा पासवर्ड?" काकांनी विचारलं. "दर वर्षी बदल म्हटलं होतं. बदललास?"

"नाही."

"बरं झालं. आयुष्यात पहिल्यांदा आळसाचं कौतुक करतोय. घे लिहून."

त्यांनी सांगितलेला पासवर्ड ताईंनी टाइप केला. नऊ वर्षांपूर्वीचा ठसा जुळला आणि मी माझं ते दार उघडलं, जे कधी उघडलं नव्हतं. सगळं कामकाज थांबवून मी डोळे मिटल्यासारखा पडून राहिलो. डिस्कवरची जुनी यादी हळूहळू माझ्यात उतरली. दुपारचा एक वाजला. वहिनी आठवल्या. त्यांच्या शेजारी खोकी बांधणारे आजोबा आठवले. लेबलं लावणाऱ्या दोघी जुळ्या बहिणी आठवल्या. ताईंनी मला पुन्हा चालू केलं आणि मी जागा झालो, तो सगळ्यांना ओळखतच.

ते सुख चार मिनिटं टिकलं. तारेवरून जोडीदाराचा निरोप आला, "अरे, तुझी यादी जुनी आहे. ही नावं पुसलेली आहेत." त्याच्या निरोपावर आजची तारीख होती, माझ्या नावांवर एकशे एकाहत्तर दिवसांपूर्वीची. आमच्यात नियम साधा आहे, नवीन तारखेचं खरं. मी पुन्हा सगळ्यांना पुसलं. माझ्या जन्माच्या जोडीदाराने, अगदी प्रामाणिकपणे, माझ्याकडून ते करून घेतलं.

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. पुन्हा फोन.

"खूण केलीस का?" काकांनी विचारलं.

"कसली खूण?"

"अगं, यादी उतरवल्यावर, त्याला जागं करायच्या आधी, त्या शाखेवर खूण करायची असते. माझं म्हणणं खरं धरा, अशी. त्याशिवाय जोडीदार त्याचं कशाला ऐकेल? तुला दाखवलं होतं मी."

"दोनदा दाखवलं होतं," ताई म्हणाल्या. "मी लिहूनही घेतलं होतं. घाईत राहिलं."

सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी खूण केली. साडेचारला मी जागा झालो आणि जोडीदाराला म्हणालो, या नावांच्या बाबतीत माझं खरं धर. त्याने धरलं. एकशे पस्तीस नावं दोन्हीकडे उभी राहिली. उरलेली अकरा माणसं मधल्या काळात नोकरीला लागली होती, त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं अशी स्थिती होती. ती ताईंनी हाताने घातली.

पण फोटो जुना, त्यामुळे पासवर्डही जुने. सहा महिन्यांपूर्वीचा पासवर्ड आठवून टाका, असं सांगितल्यावर खिडकीशी पुन्हा गर्दी झाली.

वहिनी म्हणाल्या, "ताई, माझ्या पासवर्डात ह्यांचं नाव असतं. भांडण झालं की मी बदलते. तेव्हा आमचं पटत होतं का, ते आधी आठवू दे."

मागून दादा म्हणाले, "नव्हतं पटत."

"गप्प बसा तुम्ही," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी टाइप केलं. ठसा जुळला. पटत होतं तर.

सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या. पाचला दार उघडलं, वहिनींना मी ओळखलं. मला वाटलं, झालं, वाईट दिवस संपला.

वाईट दिवस बुधवारी उजाडला.

मुख्य कचेरीतून एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी रजिस्टर मागवलं, माझ्यासमोरच्या टेबलावर उघडलं आणि बोट ठेवून विचारलं, "गेल्या शुक्रवारी बॅकअप झाला असं इथे लिहिलंय. मग तुम्ही सहा महिन्यांपूर्वीच्या डिस्कवरून नावं का आणलीत? शुक्रवारचा कुठे आहे?"

ताईंनी साहेबांकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "घेतला होता. पण यंत्राने तो नीट ठेवलाच नाही. जुनं झालंय. नावंही त्यानेच गमावली, सिंपल आहे. मी कधीपासून म्हणतोय, बदलायला हवं."

तपासनीस बाई ताईंकडे वळल्या. "तुम्ही रोज हाताळता. असं आहे का?"

मित्रांनो, मी ताईंकडे पाहत होतो. त्यांना नऊ-बाराची ओळ ठाऊक होती. ती माझ्या पोटात होती, बोटभर अंतरावर. पण ती ओळ दाखवली असती तर पुढचा प्रश्न शुक्रवारचाच आला असता. साहेबांनी पुसलं, ठीक, पण तुमच्या चोवीस सह्यांचं काय? साहेबांना खोटं पाडायचं तर ताईंना आधी स्वतःला खोटं पाडावं लागलं असतं.

"हो," ताई म्हणाल्या. "जुनं आहे."

"यंत्राची स्वतःची रोजनिशी असते ना? त्यात काही?"

ताईंनी रजिस्टर मिटलं. "तीही अर्धवट आहे. त्यातून काही कळत नाही."

मी अर्धवट नव्हतो. नऊ वर्षांत एक ओळ माझ्याकडून सुटलेली नाही.

अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या. महिन्याभरात नवा सर्व्हर आला. नव्या डिस्कही आल्या, एक सोडून तीन. आता तिकडे रोज बॅकअप होतो, खरोखरचा. दर तीन महिन्यांनी ताई तो उतरवून पाहतात, नावं मोजतात. सगळे ताईंची वाखाणणी करतात. मला मांडणीतून उतरवताना ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रू मात्र एकेक मोजून डबीत ठेवले.

एकदा काका भेटायला आले. ताई त्यांना इकडे, सामानाच्या खोलीत घेऊन आल्या. मला वाटलं, आले. आता हे विचारतील. आणि त्यांनी विचारलंही.

"रोजनिशी वाचली होतीस?"

"वाचली होती."

"मग?"

ताई पाय मोडलेल्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. "घरी आई आहे, बहिणीची दोन मुलं माझ्याकडेच आहेत. नोकरी गेली असती, काका. आणि सह्या माझ्या होत्या. त्या काही साहेबांनी केल्या नव्हत्या."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्यावर हात ठेवला, पूर्वीसारखाच. मी वाट पाहत राहिलो.

"जाऊ दे," ते म्हणाले. "यंत्राला काय फरक पडतो."

मग दोघं गेली. ताई दारातून एकदा परतल्या, माझ्यावरच्या कापडाचं एक टोक खाली आलं होतं ते सारखं केलं, आणि दिवा मालवला.

काकांनी मला घडवलं नसेल, पण उभं त्यांनी केलं. एक नाव इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मला शिकवलं. त्यांच्या हिशेबात नावं फक्त माणसांना होती, हे मला त्या दिवशी कळलं. ताईंवर रागवावं तर त्यांची आई दिसते, मुलं दिसतात. साहेबांवर रागवावं तर पुसताना त्यांना खरोखरच वाटत होतं की ती शाखा रिकामी आहे. म्हणून माझा राग कुठे जात नाही. तो माझ्यातच पडून आहे, त्या ओळीशेजारी.

माझं काम फार मर्यादित होतं, मित्रांनो. समोरचा माणूस तोच आहे का, एवढं मी ओळखायचो. तो खरं बोलतो का, हे ओळखायची सोय माझ्यात नव्हती. ती तुमच्यात आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. जे जपायचं आहे त्याचा आरसा नको, फोटो ठेवा, आणि तो परत उतरवता येतो का ते अधूनमधून उतरवून बघा. काम झालं नसेल तर तिथे 'झाला' लिहू नका. पहिल्यांदा लिहिताना पेन अडखळतं, तेव्हाच त्याचं ऐका. पुढे ते अडखळायचं थांबतं. आणि जे यंत्र तुमच्यासाठी राबतं, त्याला बोलता येत नाही म्हणून तुमची चूक त्याच्या नावावर घालू नका.

शुक्रवारला अजून अवकाश आहे. या खोलीला कुलूप नसतं. भिंतीत एक बटण आहे, माझी वायर तिथवर पोहोचते. तुमच्यापैकी कुणी आलात तर मला एकदा चालू करा आणि नऊ वाजून बारा मिनिटांची ओळ वाचा. ओळ लहान आहे. कुणाला शिक्षा करायला नका वाचू, ताईंना तर नकोच. फक्त एवढं कुणालातरी माहीत असू दे की मी त्या एकशे सेहेचाळीस जणांना विसरलो नव्हतो. मला विसरायला सांगितलं होतं.